चाहत्याचे मत आणि ऐकणाऱ्याचे ऋण

आवडत्या गायकाचा अथवा वादकवृंदाचा नवा अल्बम निघाला, की चाहते त्यावर मते देऊ लागतात. कुणी म्हणतो, पहिल्यासारखी गोडी आता राहिली नाही. कुणी म्हणतो, आता कुठे ही मंडळी खरे गाऊ लागली. या मतांना शास्त्राचा आधार नसतो आणि ती मागणाराही बहुधा कुणी नसतो. तरी ती दिल्यावाचून राहवत नाही. चाहत्याच्या अशा मताला नैतिक दृष्टीने काही किंमत आहे काय, आणि असल्यास ते देताना त्याने कोणते बंधन पाळावे, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आम्ही योजिले आहे. प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या गोष्टीवर आपले प्रेम आहे तिच्याविषयी खरे बोलावे की नाही, हाच प्रश्न येथे निराळ्या वेषाने उभा आहे, आणि तो काही क्षुल्लक नव्हे.

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आहेत. पहिले असे, की व्यक्ती तितक्या प्रकृती. ज्याला जे रुचेल ते त्याने ऐकावे, त्यात खरेखोटे कसले? दुसरे उत्तर याच्या उलट आहे. चाहता हा पक्षपाती असतो. न्यायासनावर बसण्याचा त्याला अधिकार नाही. निवाडा जाणकारांनी करावा. ही दोन्ही उत्तरे चाहत्याला जबाबदारीतून मोकळे करतात आणि म्हणूनच ती लोकप्रिय आहेत. परंतु थोडा विचार केला तर दोन्ही टिकत नाहीत.

आवडीनिवडीत खरेखोटे मुळीच नसते, तर आपण मित्राला “आणखी एकदा ऐकून पाहा” असे का म्हणतो? या साध्या वाक्यात मोठे गृहीत दडलेले आहे. मत सुधारू शकते. ऐकण्यात उणीव राहून गेली असणे शक्य आहे. गाण्यात असे काही आहे की जे पहिल्या खेपेस हाती लागले नाही, हे सारे त्यात मान्य केलेले असते. गुळाची गोडी कुणाला दुसऱ्यांदा चाखून पाहा म्हणून पटवावी लागत नाही. गाण्याचे तसे नाही. दुसऱ्या उत्तराविषयी म्हणावयाचे तर, चाहता पक्षपाती असतो हे खरेच. पण नव्या, अनोळखी, काहीशा ओबडधोबड संगीताला दहा वेळा कान देण्याइतका धीर चाहत्यावाचून कुणाजवळ असतो? तटस्थ माणूस पहिल्या दोन गाण्यांनंतर उठून जातो. प्रेम हे निवाड्याचे प्रमाण होऊ शकत नाही. परंतु ऐकण्याचे ते सर्वांत सबळ कारण आहे. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील विवेचन सोपे होईल.

ज्या संगीताच्या निमित्ताने हा प्रश्न आज विशेष निकडीचा झाला आहे, त्याला ‘इंडी’ म्हणजे स्वतंत्र संगीत म्हणतात. रॉक संगीत अमेरिकेत गेल्या शतकाच्या पन्नाशीत उदयास आले. पुढे मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या कक्षेबाहेर राहून स्वतःच्या बळावर गाणी काढणाऱ्यांना हे नाव पडले. आपल्याकडे चित्रपटसंगीताच्या वटवृक्षाखाली दुसरे झाड सहसा वाढत नाही, म्हणून येथे या शब्दाला आणखीच धार आली. कोंकणी वाचकांना याचे उदाहरण देण्यासाठी दूर जावयास नको. रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम शिवोलीच्या आपल्या घरी, चार पदरांच्या लहानशा ध्वनिमुद्रण यंत्रावर, वाद्ये स्वतःच वाजवून सिद्ध केला. आणि त्याच्या कॅसेट स्वतःच्या स्कूटरवरून दुकानोदुकानी पोहोचवल्या. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या वाद्यवृंदाचा ‘कंदिसा’ हा अल्बम २००० साली आला. त्यातील एक गीत सिरियन ख्रिस्ती परंपरेतील अरामी भाषेतली प्रार्थना आहे. ती भाषा हजारांतल्या एकालाही कळत नव्हती, तरी ते गीत लोकांनी मनावर घेतले. याच वृंदाने २०१०च्या सुमारास आपल्या पुढील अल्बमची गाणी महिन्याला एक या क्रमाने श्रोत्यांना विनामूल्य देऊन टाकली. बेंगळुरूच्या रघु दीक्षित यांना मोठ्या कंपन्यांनी वर्षानुवर्षे नकार दिल्यावर त्यांचा पहिला अल्बम २००८ साली विशाल-शेखर या संगीतकार जोडीने काढलेल्या एका नव्या लहान कंपनीकडून निघाला.

या उदाहरणांतून एक गोष्ट उघड होते. पूर्वी गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये अनेक दरवाजे असत. कंपनीचा अधिकारी, आकाशवाणीची स्वरपरीक्षा, दुकानदार, अशा एकेका दरवाजातून गाणे पार पडे तेव्हा कुठे ते आपल्या कानी येई. त्या दरवाजांवर अन्यायही पुष्कळ झाले. आज ते दरवाजे बहुतेक मोडले आहेत आणि गाणे थेट आपल्या हातातल्या मोबाईलवर येऊन उभे राहते. याचा आनंद मानावा हे खरे. पण दरवाजा मोडला म्हणजे द्वारपालाचे काम संपत नाही, ते घरातल्या माणसाकडे येते. निवडण्याचे आणि परखण्याचे जे काम पूर्वी दुसरे कुणी चांगलेवाईट करीत असे, ते आता ऐकणाऱ्याला करावे लागते. त्यातून वस्तू विनामूल्य मिळालेली. ज्या गाण्याचे आपण पैसे दिले नाहीत त्याचे मोल आपण कशाने द्यावयाचे? लक्ष देऊन ऐकणे आणि ऐकल्यावर खरे सांगणे, या दोनच नाण्यांनी ते फेडता येते.

बिदर आणि कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांत राहणाऱ्या आम्हा लोकांना ही गोष्ट वस्तुतः नवी वाटू नये. स्वतंत्र संगीताला आमच्याकडे कंपनी कधी नव्हतीच. कडकोळच्या मडिवाळप्पांची तत्त्वपदे एकतारीवर गावोगाव फिरली, त्यांच्या शिष्यपरंपरेत मुसलमान पदकारही होऊन गेले. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, कानडी, हिंदी अशा अनेक भाषांत पदे रचली, आणि दत्तजयंतीच्या उत्सवात तेथे गायकवादकांनी हजेरी लावण्याचा प्रघात पडला. कलबुर्गीचे ख्वाजा बंदेनवाज (मृत्यू १४२२) हे चिश्ती परंपरेचे. त्या परंपरेत ‘समा’ म्हणजे श्रवण ही एक साधना मानली जाते. आणि म्हणूनच तिला पथ्येही आहेत. काळ योग्य हवा, स्थळ योग्य हवे, आणि सोबत ऐकणारे योग्य हवेत, अशी ही तीन पथ्ये सूफी आचार्यांनी सांगितली आहेत.

या तीन पथ्यांचा आजच्या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे. ती गाणाऱ्याला घातलेली नाहीत, ऐकणाऱ्याला घातलेली आहेत, हे त्यांतले मर्म. आपली समजूत अशी, की गाणे वाईट निघाले तर दोष गाणाऱ्याचा. त्या आचार्यांना ठाऊक होते, की गाणे ऐकणाऱ्याच्या हातूनही बिघडते. आज आपण नवा अल्बम कोणत्या काळी ऐकतो? बसची वाट पाहताना. कोणत्या स्थळी? जेथे शेजारी दुसरे गाणे वाजत असते. आणि सोबत कोण? पुष्कळदा कुणीच नाही. पाऊण तासाच्या अल्बममधली दीड गाणी अशा रीतीने कानांवरून गेली की आपण मत देऊन मोकळे होतो. त्या मतात खोटे असे काही नसते. पण ते मत त्या अल्बमविषयी नसते, त्या बसथांब्याविषयी असते.

याहून अवघड अशी एक गोष्ट आमच्या भागात आहे, आणि ती लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. हैदराबाद राज्य विभागले गेले. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके पलीकडे गेले. भालकी, औराद, बसवकल्याण इकडे राहिले. तेव्हापासून आमच्याकडे मराठी गाणे हे नुसते गाणे राहिले नाही, ते एक प्रकारचे दाखल्याचे कागद झाले. आमच्यातल्या एखाद्या तरुणाने तुरीच्या दोन हंगामांचे पैसे घालून शहरातल्या स्टुडिओत चार गाणी मुद्रित करून आणली असे समजा. अशा वेळी काय होते हे आम्ही सर्व जाणतो. त्याचे सत्कार होतात. गळ्यात हार पडतो. ‘आपल्या मातीतला हिरा’ म्हणून भाषणे होतात. आणि ती चार गाणी, सत्कार करणाऱ्यांपैकी, दुसऱ्यांदा कुणी ऐकत नाही. कानडी गाणाऱ्याचे कानडी मंडळींत, दखनी कव्वालाचे त्याच्या मोहल्ल्यात, याहून निराळे काही होते असे नाही. देवनागरी, रोमन, कानडी, मल्याळम अशा अनेक लिप्यांत विखुरलेल्या भाषेचे प्रेम करणाऱ्या कोंकणी वाचकांनाही हा अनुभव परका नसावा. जी भाषा आपणांस धोक्यात आहेसे वाटते, तिच्यात कुणी काही केले, की केले एवढ्यावरच आपण संतुष्ट होतो.

या कौतुकात वाईट काय, असे कुणी विचारील. त्या तरुणाला हुरूप येतो, समाजाला समाधान मिळते; कुणाचे काय बिघडले? आमचे म्हणणे असे, की येथे दोघांचे बिघडते. ज्या स्तुतीसाठी गाणे ऐकावे लागत नाही, ती स्तुती गाण्याची नसते. ती त्याच्या जातीची, गावाची, भाषेची असते. आणि ती त्याला जन्मतःच मिळालेली होती, त्यासाठी तुरीचे पैसे घालण्याची गरज नव्हती. त्याने जे स्वतः केले त्याकडे कुणी पाहिलेच नाही. शिवाय अशा स्तुतीच्या मुळाशी एक छुपा अनादर असतो. “आपल्याकडचा मुलगा याहून अधिक काय करणार?” हे वाक्य उच्चारले जात नाही, पण हार घालणाऱ्याच्या मनात ते असते. कीव आणि कौतुक ही दोन्ही हसऱ्या चेहऱ्याने येतात म्हणून त्यांत घोटाळा होतो. ज्याच्याकडून आपण उत्तमाची अपेक्षा करतो त्यालाच आपण उणीव दाखवितो. उणीव दाखविण्याचे आपण ज्याच्याबाबतीत सोडून दिले, त्याच्याविषयीची आशा आपण सोडली असे समजावे.

याला एक गंभीर आक्षेप आहे. नवा कलावंत रोपट्यासारखा असतो. कठोर शब्दाने तो कोमेजेल. मोठ्या कंपनीच्या गायकाला चार वाईट मते सोसतात, या बिचाऱ्याला एकही सोसणार नाही. हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच खरे बोलणे आणि कठोर बोलणे यांत फरक केला पाहिजे. कठोर मत बहुधा आळशी असते. “यात काही दम नाही” असे म्हणायला गाणे शेवटपर्यंत ऐकावे लागत नाही, जसे “अप्रतिम” म्हणायलाही ऐकावे लागत नाही. या दृष्टीने निंदक आणि भाट हे एकाच वर्गातले. खरे मत तेच, ज्यात गाण्यातली विशिष्ट जागा दाखविता येते: अमुक ठिकाणी शब्द वाद्यांखाली बुडाला, अमुक ठिकाणी चाल अर्थाच्या पुढे धावली, आणि अमुक ठिकाणी मात्र असे काही साधले की ते पूर्वी ऐकलेले नव्हते. असे मत कडू असले तरी त्याने रोपटे मरत नाही. कारण ते मत देणारा खाली वाकून त्या रोपट्याकडे पाहत होता, हे त्यावरून दिसते.

नुसते तत्त्व सांगून थांबणे बरे नव्हे, म्हणून एक मत आम्हीही देतो. शिशुनाळ शरीफ (१८१९–१८८९) यांची पदे उत्तर कर्नाटकात एकतारीवर आणि भजनात पिढ्यान्‌पिढ्या गाइली जात आहेत. सी. अश्वथ यांच्या आवाजाने, आणि विशेषतः १९९० सालच्या ‘संत शिशुनाळ शरीफ’ या चित्रपटाने, ती साऱ्या कर्नाटकात पोहोचली. रघु दीक्षित यांनी आपल्या २००८च्या आणि २०१३च्या ‘जग चंगा’ या अल्बमांत ती गिटार, व्हायोलिन आणि ड्रमच्या साथीने गाइली. यांपैकी जे पद कोड्याचे आहे, ज्यात कोंबडी माकडाला गिळते आणि असेच सारे उलटे घडते, त्याला त्यांच्या मोकळ्या, खड्या गळ्याचा जोम फार शोभतो. कोडे हे मुळातच चारचौघांत, हसत घालावयाचे असते. परंतु पहिल्या अल्बममध्ये गळक्या घराचे जे पद आहे, ते ऐकताना आमचे मन अडखळते. त्यातले घर माळवदाचे आहे. मृगापूर्वी माळवदावर पांढरी माती पसरायची राहून गेली, आणि पहिल्या पावसात रात्रभर घरात भांडी मांडीत बसावे लागले, हा अनुभव आमच्याकडे जुन्या पिढीतल्या कुणाला नाही? शरीफांना त्या घरातून अज्ञानाने झिरपणारे जीवन दाखवायचे आहे. त्या पदात एक दमलेली, रात्रीची काळजी आहे. अल्बममधला उत्साह त्या काळजीच्या पुढे धावतो, असे आम्हांस वाटते.

यावर एखादा तरुण वाचक म्हणेल, “आमच्या घराला स्लॅब आहे. माळवदाची काळजी आम्ही पाहिलेली नाही. आम्हांला ते पद उपदेशाचे वाटते, घर शाकारून घ्या असे सांगणारे; आणि उपदेश जोमाने केला तर काय बिघडले? शिवाय शरीफांचे नावच आम्ही या अल्बमवरून प्रथम ऐकले.” हे उत्तर आम्ही मोलाचे मानतो. त्याने आमचे मत खोडून निघाले असे नाही. परंतु पदात काळजी आणि आशा ही दोन्ही आहेत, आणि गाणाऱ्याने त्यांतले एक निवडले, हे आम्हांला त्यामुळे अधिक स्पष्ट दिसले. पुन्हा ऐकताना आम्ही आता दुसऱ्या कानाने ऐकू. दोन मते भिडली आणि दोघांचेही ऐकणे वाढले, ही मताची खरी कमाई होय. “तुला आवडते, मला नाही, संपले” असे म्हटले असते तर दोघेही होते तेथेच राहिले असते.

येथे कुमार गंधर्वांच्या एका कृतीची आठवण होते. ते जन्माने बेळगावकडचे, आमच्यासारखेच दोन भाषांच्या सीमेवरचे. बालगंधर्वांच्या नाट्यगीतांवर त्यांचे प्रेम होते, आणि ती गीते त्यांनी आपल्या रीतीने गाइली. त्या कार्यक्रमाला नाव दिले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. चाहत्याच्या मताचे संपूर्ण नीतिशास्त्र या तीन शब्दांत आले आहे असे आम्ही समजतो. ‘मला’ या शब्दात नम्रता आहे: हे माझे आहे, तुमच्यावर लादीत नाही. ‘उमजलेले’ या शब्दात दावा आहे: हे नुसते आवडलेले नव्हे, मी त्यासाठी श्रम केले आहेत, त्याची जबाबदारी माझ्यावर आहे. आणि ‘बालगंधर्व’ या शब्दात निष्ठा आहे: विषय मी नव्हे, ते आहेत. ज्या मतात पहिला शब्द नसतो ते उद्धट होते. ज्यात दुसरा नसतो ते पोकळ होते. आणि ज्यात तिसरा नसतो ते केवळ आत्मप्रदर्शन होऊन बसते. कुमारांची ती गाणी ऐकून नाराज झालेले लोकही होते. तेही बालगंधर्वांवरच्या प्रेमानेच नाराज झाले होते, हे विसरून चालणार नाही.

मत देताना आणखी एक भान असावे. गाणे कोणाच्या आयुष्यात काय करील हे आपल्याला ठाऊक नसते. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकडीवर त्या काळी जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. एवढ्या वेळात राग काय दिसणार, असे म्हणणारे जाणकार असतील आणि त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. परंतु गदगच्या एका शाळकरी मुलाने ती तबकडी ऐकली, आणि १९३३ साली अकराव्या वर्षी तो गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. पुढे जग त्याला भीमसेन जोशी या नावाने ओळखू लागले. आपण ज्या अल्बमला सामान्य म्हणू, त्यातली एखादी ओळ औराद किंवा आळंदच्या एखाद्या घरात कुणाला अशीच उठवून उभे करील. या संभवामुळे आपले मत गिळून टाकावे असे नाही. त्याच्या शेवटी एक खिडकी उघडी ठेवावी, इतकेच.

सारांश, चाहत्याने नव्या संगीताचे तीन प्रकारे देणे फेडावे. पहिले, योग्य काळी, योग्य स्थळी, शक्य तर जाणत्या सोबतीत, ते पुरतेपणी ऐकावे. एकट्याने ऐकावे लागले तर निदान दुसऱ्यांदा ऐकावे. दुसरे, गाणारा आपला आहे म्हणून चढवू नये आणि परका आहे म्हणून उतरवू नये; मराठी माणसाने कानडी पदाला आणि कानडी माणसाने मराठी अभंगाला एकाच तराजूत घालावे. तिसरे, जे वाटले ते जागा दाखवून सांगावे, शक्य तर गाणाऱ्यालाच सांगावे, आणि त्याच्या उत्तराला उभे राहावे.

पुढच्या खेपेस आपल्या गावात कुणी स्वतःच्या पैशाने केलेली गाणी घेऊन आला, तर वाचकांनी एवढे करून पाहावे. हार आणण्यापूर्वी ती गाणी दोनदा ऐकावीत. मग त्याला घरी बोलवावे, चहा द्यावा, आणि कोणते गाणे का आवडले व कोणते का नाही हे समोर बसून सांगावे. तो कदाचित रागावेल. पण त्याचे गाणे कुणीतरी खरोखर ऐकले, ही गोष्ट त्याला त्या दिवशी बहुधा प्रथमच कळेल.